पेन्सिल सेल घरी चार्ज करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोट, बीपीचं मशीन, मुलांच्या गाड्या, वायरलेस माउस, ट्रेकला न्यायचा हेडलॅम्प, गणपतीच्या मखरातली दिव्यांची माळ. मोजायला बसलं तर सेलवर चालणाऱ्या दहा-बारा वस्तू कुठल्याही घरात निघतात. रिचार्जेबल सेल घ्यायचं ठरलं की आपण सेलवरचे आकडे ताडून बघतो, आणि चार्जर मात्र पाकिटात जो येईल तो वापरतो. "हे सेल काही टिकत नाहीत" म्हणून ज्यांनी नाद सोडला, अशा माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचे सेल चांगले होते. ते चार्जरने मारले होते. म्हणून खालच्या उत्तरांत चार्जरला जागा जास्त दिली आहे.

घरातला सेल चार्ज होणारा आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

रंगावरून किंवा कंपनीवरून नाही. सेलच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचा. १.२ व्होल्ट आणि सोबत एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा) आकडा छापलेला असेल, तर तो रिचार्जेबल सेल, आज बहुधा निकेल मेटल हायड्राइडचा. १.५ व्होल्ट असेल तर तो बहुधा एकदा वापरून टाकायचा. याला एकच मोठा अपवाद आहे, यूएसबीवर चार्ज होणारे लिथियम सेल. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

आणखी एक खूण असते. पेन्सिल सेल, म्हणजे एए आकाराच्या सेलवर 'आर ६' असेल तर तो साधा झिंक-कार्बन, 'एलआर ६' म्हणजे अल्कलाइन, 'एचआर ६' म्हणजे निकेल मेटल हायड्राइड. रिमोटमधल्या बारक्या एएए सेलवर ६ च्या जागी ०३ असतं. अक्षरं पुसली असतील आणि खात्री नसेल, तर तो सेल चार्जरमध्ये घालू नका.

साधा किंवा अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घातला तर काय होतं?

आत वायू तयार होतो. सेल बंद डब्यासारखा असतो आणि त्या वायूला जायला वाट नसते. मग सेल फुगतो, बुडाशी गळतो, क्वचित फुटतो. अल्कलाइनमधून बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते कातडी भाजतं, आणि डोळ्यात गेलं तर दृष्टीला धोका पोचवतं. आमच्या शेजारच्या घरी मुलाने गाडीचे चारही सेल एकाच डब्यातून उचलून चार्जरमध्ये लावले होते. त्यातले दोन अल्कलाइन होते. तासाभराने त्या दोघांतून पाणी सुटलं आणि चार्जरचे कप्पे कायमचे खराब झाले. मुलाचा हात लागला नाही, हे नशीब. रिचार्जेबल आणि साधे सेल एका डब्यात ठेवायचेच नाहीत, हा नियम त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो.

रेडिओचे सेल उन्हात ठेवले की पुन्हा चालायचे. मग ते चार्जच होत होते ना?

नाही. हा उपाय आमच्या आजोबांनीही केला आहे. रेडिओचा आवाज बसला की मोठे सेल काढून ओट्यावर उन्हात ठेवायचे, आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता रेडिओ पुन्हा बोलायचा. ऊब मिळाली की सेलमधल्या रासायनिक क्रियेला थोडा वेग येतो आणि करंटला होणारा आतला विरोध कमी होतो. उरलीसुरली ऊर्जा बाहेर पडते, इतकंच. नवी ऊर्जा त्यात कुठूनही येत नाही. शिवाय साध्या सेलचं जस्ताचं भांडं हाच त्याचा ऋण ध्रुव असतो. सेल वापरला जातो तसं ते भांडं आतून खाल्लं जातं, पातळ होतं. असा उतरलेला सेल तापवणं म्हणजे त्याला गळायला मदत करणं.

सेल गळून रिमोटच्या आतल्या धातूच्या पत्त्यांवर पांढरं किंवा हिरवट काहीतरी जमलंय. साफ कसं करू?

आधी हातमोजे घाला, नाही तर निदान हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. अल्कलाइन सेलचा गळ अल्कधर्मी असतो. कानकोरण्याच्या कापसाला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून तो पुसा. साध्या झिंक-कार्बन सेलचा गळ आम्लधर्मी असतो, त्याला पाण्यात कालवलेला खायचा सोडा चालतो. मग किंचित ओल्या कापसाने पुसून पूर्ण वाळू द्या. पत्त्यावर नुसता काळपटपणा उरला असेल तर खोडरबरने घासून निघतो. कोकणात पावसाळ्यात सेल न गळताही पत्त्यांवर गंज धरतो. तिथेही खोडरबरच कामाला येतो.

१.५ व्होल्टच्या जागी १.२ व्होल्टचा सेल चालेल का?

बहुतेक ठिकाणी चालतो, आणि पुष्कळदा जास्त चांगला चालतो. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टवर सुरू होतो खरा, पण वापरायला लागलं की घसरतच जातो आणि एक व्होल्टच्या आसपास संपतो. म्हणून अशा सेलवर चालणारी वस्तू तेवढी घसरण सोसेल अशीच बनवलेली असते. निकेलचा सेल चार्जरमधून काढला की १.४ व्होल्टच्या जवळ असतो, मग १.२ ला येऊन बराच काळ तिथे टिकतो आणि शेवटी एकदम खाली येतो. खेळण्यातली मोटर, कॅमेऱ्याचा फ्लॅश अशा जास्त करंट ओढणाऱ्या वस्तूंना हे मानवतं.

अडचण दोन ठिकाणी येते. चार किंवा त्याहून जास्त सेल एकामागे एक लागत असतील तर सहा व्होल्टच्या जागी ४.८ च मिळतात, आणि काही यंत्रं लवकर कुरकुरतात. दुसरं, बॅटरी किती उरली हे दाखवणारी खूण अल्कलाइनच्या हिशोबाने बसवलेली असते. बीपीच्या मशीनवर 'बॅटरी कमी' असं चिन्ह भरल्या सेलवरही दिसू शकतं. वैद्यकीय उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत रिचार्जेबल सेल वापरू नका असं लिहिलं असेल, तर ते पाळा. तिथे काटकसर करू नये.

रिचार्जेबल सेल कुठे लावू नयेत?

भिंतीवरच्या घड्याळात. त्याला इतका कमी करंट लागतो की साधा सेल वर्षभर आरामात जातो. टीव्हीच्या रिमोटचंही तेच. अडीअडचणीला म्हणून खणात महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या विजेरीत जुन्या पद्धतीचे रिचार्जेबल सेल ठेवू नका. वीज जाईल तेव्हा ते उतरलेले सापडतील.

जुन्या पद्धतीचे म्हणजे? सगळे रिचार्जेबल सेल सारखे नसतात?

नसतात. साधा निकेल मेटल हायड्राइड सेल नुसता पडून असला तरी महिन्याभरात अंदाजे पाव भाग चार्ज गमावतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. २००५ मध्ये सान्यो या जपानी कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले आणि हे चित्र बदललं. ते वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक चार्ज शिल्लक ठेवतात. पुढे सान्यो पॅनासोनिककडे गेली आणि आज तशाच पद्धतीचे सेल अनेक कंपन्या विकतात. पाकिटावर 'लो सेल्फ डिस्चार्ज', 'रेडी टू यूज' किंवा 'प्री-चार्ज्ड' असं लिहिलेलं असतं. घरासाठी घ्यायचे तर हेच घ्या.

मग २७०० एमएएचचा सेल २००० वाल्यापेक्षा चांगला नाही का?

घरच्या वापराला सहसा नाही. तेवढ्याच डब्यात जास्त माल भरायचा तर आतले पडदे पातळ करावे लागतात. त्यामुळे असे सेल लवकर उतरतात आणि कमी वेळा चार्ज होऊन थकतात. एए आकारात १९०० ते २१००, आणि एएए आकारात ७५० ते ८०० एमएएच ही टिकाऊ सेलची खरी मापं आहेत. २५००-२७०० चा सेल त्याच दिवशी चार्ज करून त्याच दिवशी वापरणाऱ्यासाठी ठीक.

एए आकाराच्या निकेल सेलवर तीन हजारांच्या पुढचा आकडा दिसला तर विश्वास ठेवू नका. स्वयंपाकघरातला छोटा काटा असेल तर सेल त्यावर ठेवून बघा. चांगला एए सेल २६ ते ३० ग्रॅम भरतो, एएए बारा-तेरा ग्रॅम. पंधरा ग्रॅमच्या एए सेलवर ३६०० लिहिलं असेल, तर तो आकडा खोटा.

चार्जर निवडताना नेमकं काय बघायचं?

एकच गोष्ट बघायची असेल तर ही: सेल भरला हे चार्जरला कळतं का, आणि प्रत्येक सेलचं वेगवेगळं कळतं का?

हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. गच्चीवरची टाकी भरली आणि पंप चालूच राहिला तर पाणी वाहून जातं. सेलला वाहायला जागा नाही. तो भरल्यावरही करंट येत राहिला की आत ऑक्सिजन तयार होतो, तो आतल्या आत पुन्हा जिरवला जातो आणि त्या क्रियेची सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. असं दर वेळी झालं की आतला द्रव हळूहळू आटतो, विरोध वाढतो, आणि पाचशे वेळा चालायचा तो सेल पन्नास वेळांत बसतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून दोष सेलला लागतो.

आता भरल्याची खूण कशी पकडायची? चार्ज होताना सेलचा व्होल्टेज चढत जातो. भरला की तो वर टेकतो आणि तापू लागल्यामुळे किंचित खाली येतो, अवघे काही मिलिव्होल्ट. चांगला चार्जर या छोट्या उताराची वाट बघत असतो आणि तो दिसला की करंट तोडतो. याला 'निगेटिव्ह डेल्टा व्ही' म्हणतात. पाकिटावर वजाची खूण, एक त्रिकोण आणि व्ही असं छापलेलं असतं. त्याच्या जोडीला तापमान बघणारा भाग आणि ठरावीक तासांनी बंद करणारं घड्याळ असेल तर उत्तम, कारण जुन्या सेलमध्ये तो उतार कधी कधी इतका पुसट असतो की चार्जर चुकतो. अशा वेळी ही दोन राखणदारं कामाला येतात.

बाजारातले चार्जर ढोबळमानाने तीन जातींचे आहेत.

सगळ्यात स्वस्त जात म्हणजे सेल भरो न भरो, करंट सोडत राहणारा. त्याचा लाल दिवा 'वीज आहे' एवढंच सांगतो, तो कधी हिरवा होत नाही. सेलच्या पाकिटासोबत पुष्कळदा हाच येतो. वापरायचाच असेल तर घड्याळ लावून वापरा. हिशोब पुढच्या प्रश्नात आहे.

दुसरा, घड्याळावर चालणारा. सात-आठ तासांनी आपोआप बंद होतो. पहिल्यापेक्षा बरा. पण सेल पूर्ण रिकामा आहे असं तो धरून चालतो, त्यामुळे अर्धा भरलेला सेल लावला की उरलेले तास तो सेलला नुसता तापवतो.

तिसरा, प्रत्येक कप्पा स्वतंत्र सांभाळणारा. घ्यायचा तो हाच. दुकानात ओळखण्याची सोपी रीत आहे: चार कप्प्यांना चार वेगळे दिवे आहेत का, आणि एकच सेल लावला तर तो चालतो का, हे विचारा. 'दोन किंवा चारच सेल लावा' अशी अट असेल तर तो सेल जोडीने चार्ज करतो. जोडीतला एक आधी भरला तरी दुसऱ्याची वाट बघत तो शिजत राहतो. शिवाय घरातल्या वस्तू काही जोडीने सेल मागत नाहीत. कुणाला एक लागतो, कुणाला तीन.

आकडे दाखवणारा पडदा असलेले चार्जर थोडे महाग पडतात. करंट आपण ठरवू शकतो, कुठल्या सेलमध्ये किती एमएएच गेले हे दिसतं, आणि सेल पूर्ण उतरवून त्याची खरी क्षमता मोजता येते. घरात आठ-दहा सेल फिरत असतील तर मी हाच घ्यायला सांगेन. कुठला सेल म्हातारा झालाय हे अंदाजाने नाही, आकड्याने कळतं.

भारतात घेताना चार्जरवर आणि त्याच्या ॲडाप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. तो क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकून तपासता येतो. यूएसबीवर चालणारा चार्जर असेल तर मोबाइलचा चांगला ॲडाप्टर वापरा. रस्त्यावर मिळणारा हलका ॲडाप्टर नको. सेल कितीही चांगला असला तरी भिंतीतले २३० व्होल्ट अडवायचं काम त्या ॲडाप्टरचं असतं.

चार्जिंगचा करंट किती असावा, आणि वेळ किती?

सेलवर २००० एमएएच लिहिलंय आणि चार्जर २०० मिलिअँपिअरचा आहे असं धरा. भागाकार दहा तास येतो, पण दिलेला सगळा करंट साठत नाही. म्हणून साध्या चार्जरला पूर्ण रिकाम्या सेलसाठी चौदा ते सोळा तास धरतात. हा हिशोब तुमच्या आकड्यांनी करा आणि मोबाइलवर गजर लावा.

हुशार चार्जरला उलट फार हळू करंट सोसत नाही. करंट अगदीच कमी असेल तर व्होल्टेजचा तो शेवटचा उतार उमटतच नाही. एए साठी ५०० ते १००० आणि एएए साठी ३०० ते ४०० मिलिअँपिअर मी वापरतो. दोन ते चार तासांत काम होतं आणि सेल कोमटच राहतो.

पंधरा मिनिटांत किंवा अर्ध्या तासात भरणारे चार्जर घाईच्या माणसासाठी आहेत. त्यात सेल खूप तापतो आणि तापाने आयुष्य कमी होतं. त्यापेक्षा सेलचा आणखी एक संच घ्यावा. एक वस्तूत, एक तयार.

सेल किती गरम झालेला चालतो?

चहाचा रिकामा कप हातात कोमट लागतो, तितपत, तोही शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत. हातात धरवत नसेल तर चार्जर भिंतीपासून बंद करा, सेलला थोडा वेळ तसंच निवू द्या आणि मग काढा. चार सेलपैकी एकच जास्त तापत असेल तर तो सेल आजारी आहे. चारही तापत असतील तर दोष बहुधा चार्जरचा.

निकेल सेलच्या माहितीपत्रकांत चार्जिंगसाठी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान सांगितलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी घरातली हवाच त्या मर्यादेच्या जवळ जाते. तिथे चार्जिंग पहाटे करा किंवा पंख्याखाली. खिडकीतल्या उन्हात, शेगडीजवळ, फ्रिजवर, गादीवर किंवा सोफ्यावर चार्जर ठेवू नका. फरशी किंवा ओटा उत्तम. सेल ताजा वापरून काढला असेल आणि गरम असेल, तर अर्धा तास थांबून मग लावा.

रात्रभर लावून झोपलं तर?

कप्प्यागणिक बंद होणारा चांगला चार्जर आणि निकेलचे सेल असतील तर सेलला फार इजा होत नाही. तरीही मी लावत नाही. जागं असताना, जाता-येता हात लावून बघता येईल अशा ठिकाणी चार्ज करावं. घराला कुलूप लावून जाताना तर नकोच, आणि लिथियमच्या सेलला हा नियम दुप्पट लागू.

पूर्ण उतरवूनच चार्ज करावं असं सांगतात, ते खरं का?

ती गोष्ट जुन्या निकेल कॅडमियम सेलची. आजच्या सेलला तशी गरज नाही. अर्धा उतरला असताना लावला तरी चालतो. उलट वस्तू बंद पडल्यावरही बटण चालूच ठेवून सेल पार कोरडा करणं वाईट. क्षमता कमी झाल्यासारखी वाटली तर पडदावाल्या चार्जरवर दोन-तीनदा उतरवून-भरून बघा. बराच काळ पडून राहिलेले सेल यामुळे पुष्कळदा पुन्हा रुळावर येतात.

नवे आणि जुने सेल एकत्र लावले तर काय बिघडतं?

यात सेलचं सर्वात जास्त नुकसान होतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. चार सेल एकामागे एक लावलेत आणि त्यातला एक अशक्त आहे असं समजा. तो आधी संपतो. बाकीचे तीन मात्र करंट ढकलतच राहतात, आणि तो करंट संपलेल्या सेलमधून उलटा दबाव टाकत जातो. त्याचे ध्रुव उलटे होतात. आत वायू होतो, सेल गळतो किंवा कायमचा मरतो. एक रिचार्जेबल आणि एक अल्कलाइन अशी जोडी लावली तरी हेच.

उपाय सोपा आहे. सेल आणले की पक्क्या मार्करने प्रत्येकावर संचाचं अक्षर आणि खरेदीचा महिना लिहा. 'क' संचातले चार सेल एकत्रच वापरायचे, एकत्रच चार्ज करायचे. माझे काका कीर्तन करतात. त्यांच्या कॉलर माइकच्या डबीला दोन पेन्सिल सेल लागतात. एकदा उत्तररंगात, आख्यान रंगात आलेलं असताना आवाज गेला. घरी येऊन मोजलं तर एक सेल भरलेला होता आणि दुसरा रिकामा. डब्यातून हाताला लागले ते दोन उचलले होते. आता त्यांच्याकडे क, ख आणि ग असे तीन संच आहेत, आणि मध्यंतराच्या अभंगाला डबीतली जोडी बदलायची पद्धतच पडली आहे.

यूएसबीची पिन थेट सेललाच लावायची, असे १.५ व्होल्टचे लिथियम सेल कसे असतात?

आत छोटा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आणि तो व्होल्टेज १.५ वर आणणारं सर्किट असतं. शेवटपर्यंत १.५ देतात, म्हणून व्होल्टेजला हळव्या असलेल्या वस्तूंना हे बरे. पण संपताना आगाऊ सूचना न देता एकदम संपतात. सर्किटमुळे काही रेडिओत आणि माइकमध्ये खरखरही येते.

त्यांना निकेलच्या चार्जरमध्ये कधीही घालू नका. त्यांच्यासाठी दिलेली केबल किंवा त्यांचाच चार्जर वापरा. आकड्यांतही गल्लत होते: यांच्यावर एमडब्ल्यूएच, म्हणजे मिलिवॉट-तास, लिहितात. ३००० एमडब्ल्यूएच म्हणजे १.५ ने भागून २००० एमएएच. २००० एमएएचचा निकेल सेल १.२ ने गुणला तर २४०० एमडब्ल्यूएच होतो. फरक आहे, पण जाहिरातीत भासतो तेवढा नाही.

टॉर्चमधले जाड लिथियम सेल याच चार्जरमध्ये चालतील का?

नाही. १८६५० म्हणतात त्या सेलचा व्यास १८ आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. तो ४.२ व्होल्टला भरला जातो आणि तिथे अचूक थांबवावा लागतो. जास्त चार्ज झाला तर त्याला आग लागू शकते. त्यासाठी लिथियम-आयनचा किंवा दोन्ही प्रकार ओळखणारा चार्जर हवा. या आकाराच्या खऱ्या सेलची क्षमता ३६०० एमएएचच्या आसपास संपते, त्यामुळे ९९०० लिहिलेला सेल घेऊच नका. १४५०० नावाचा लिथियम सेल तर दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो आणि ३.७ व्होल्ट देतो. तो खेळण्यात किंवा रिमोटमध्ये लावला तर वस्तू जळते. लिथियमचा सेल फुगला, त्याला पोचा पडला, त्याचं आवरण फाटलं तर चार्जिंग तिथेच थांबवा.

डास मारायच्या बॅटीत आणि पिनवाल्या विजेरीत तर सेल आतच असतो. तिथे काय काळजी घ्यायची?

स्वस्त बॅटींत आणि विजेऱ्यांत भिंतीतली वीज ट्रान्सफॉर्मरशिवाय, नुसत्या कपॅसिटरमधून सेलपर्यंत नेलेली असते. म्हणजे पिन लावलेली असताना आतल्या प्रत्येक तारेत झटका बसेल अशी वीज आहे असं समजा. चार्ज होताना बॅट चालवू नका, जाळीला हात लावू नका, उघडलेल्या किंवा तडा गेलेल्या बॅटीची पिन भिंतीत घालू नका. या वस्तूंना आपोआप बंद होणं सहसा माहीत नसतं, तेव्हा खोक्यावर सांगितलेले तास झाले की काढा. ओल्या हाताने तर मुळीच नको.

बटन सेल चार्ज होतात का?

गाडीच्या किल्लीत, वजनकाट्यात असतो तो सीआर २०३२ चार्ज होत नाही. पण त्याबद्दल याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. लहान मुलाने बटन सेल गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत खोल जखम करू शकतो. उतरलेला सेलही तेवढाच धोक्याचा. उलटी करवू नका, 'निघून जाईल' म्हणून वाट बघू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि बटन सेल गिळल्याचं दारातच सांगा. नुसता संशय असला तरी जा. ज्या खेळण्याचं सेलचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं, ते लहान मुलाच्या हातात देऊ नका.

चार्जर सेल घेतच नाही, दिवा लुकलुकतो. सेल गेला का?

तीन कारणं असू शकतात. सेल उलटा बसलाय, टोकं मळलीत, किंवा सेल इतका उतरलाय की हुशार चार्जर त्याला ओळखत नाही. टोकं कोरड्या कापडाने पुसून पुन्हा लावा. काही चार्जर अशा सेलला आधी बारीक करंट देऊन उठवतात. दोन-तीन प्रयत्नांत घेतलं नाही तर आग्रह धरू नका. तारा जोडून बाहेरून झटका द्यायचे प्रयोग तर नकोच.

खोक्यावर हजार-दोन हजार वेळांचा दावा असतो. घरच्या वापरात काहीशे वेळा झाला तरी सेलने आपलं काम चोख केलं असं मी मानतो. छापलेल्या क्षमतेच्या निम्म्यावर आला की त्याला निरोप द्यावा.

चार्ज केलेले सेल ठेवायचे कसे?

प्लास्टिकच्या डबीत, कोरड्या कपाटात. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं. खिशात किंवा पर्समध्ये किल्ल्या आणि नाण्यांसोबत मोकळे सेल टाकू नका. निकेलचा सेल धातूने जोडला गेला तर क्षणभरात प्रचंड करंट सोडतो आणि कापडातून चटका बसतो. सेलचं सगळं अंग हा ऋण ध्रुव असतो, वरच्या टोपीपासून त्याला वेगळं ठेवतं ते फक्त पातळ आवरण. ते आवरण टोपीजवळ फाटलं असेल तर सेल बाद करा. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल हातातल्या सामानातच ठेवावे लागतात. तिथेही डबीच बरी.

एवढं करून पैसे वाचतात का?

वस्तू कुठली, यावर आहे. विजेचा खर्च तर नगण्य. २००० एमएएचचे चार सेल म्हणजे जेमतेम १० वॉट-तास; सगळी गळती धरून २० समजा. म्हणजे एका युनिटचा पन्नासावा भाग. युनिट दहा रुपयांना पडत असेल तर चार सेल भरायला वीस पैसे. काकांच्या माइकला दर कीर्तनाला दोन नवे अल्कलाइन लागायचे, तिथे सेल आणि चार्जरचे पैसे एका चातुर्मासात वसूल झाले. घड्याळात मात्र ते कधीच वसूल होणार नाहीत.

संपलेले सेल टाकायचे कुठे?

ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि आपल्यावर ते इतर कचऱ्यापासून वेगळे देण्याची. सेलवर फुली मारलेल्या कचराडब्याचं चित्र असतं ते त्यासाठीच. घरात एक कोरडी बरणी ठेवा, लिथियम आणि बटन सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ते त्यात टाका, आणि बरणी भरली की ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. जुन्या कॉर्डलेस फोनमधून निकेल कॅडमियमचे सेल निघाले तर ते आठवणीने याच बरणीत जाऊ द्या. कॅडमियम विषारी आहे, आणि कचरा डेपोत ते सेल फुटले तर ते माती-पाण्यात उतरतं.